मागच्या सीटची मापं

माझे वडील आयुष्यभर मापं घेत आले. भोसरीच्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. लेथवरून उतरलेला भाग व्हर्नियरमध्ये धरायचा, मापात असला तर पुढे पाठवायचा, नसला तर लाल पेटीत टाकायचा, हे त्यांनी चौतीस वर्षं केलं, आणि घरी आल्यावरही ते काम काही सुटलं नाही. आईच्या पोळ्या, माझ्या वह्यांचे समास, शेजाऱ्यांनी भिंतीवर टांगलेलं घड्याळ, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं आणि बहुतेक सगळं लाल पेटीत पडायचं. अशा माणसाला मी गेल्या वर्षी चार महिने गाड्या दाखवत हिंडवलं. त्यातली एकही त्यांना चालवायला मिळणार नव्हती, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

हे लिहून ठेवण्याचं कारण एवढंच, की ते मला अजून पचलेलं नाही. एका मैत्रिणीला सांगून पाहिलं. तिनं, अगं, त्यांच्या भल्यासाठीच केलंस ना, असं म्हणून माझी समजूत काढली. मला तिचा राग आला. हेच वाक्य मी स्वतःला चार महिने ऐकवत होते.

आई गेल्यापासून बाबा वारज्याला एकटे राहतात. मी कोथरूडला. म्हणायला अंतर पंधरा मिनिटांचं, पण नोकरी, सासूबाईंचं पथ्यपाणी, मुलीची बारावी, अशी कारणं माझ्याकडे कायम तयार असायची. महिन्यातून एकदा जाणं व्हायचं, तेही डबा ठेवून पळण्यापुरतं. बाबांची तक्रार नव्हती. त्यांच्याकडे सतरा वर्षांची एक छोटी चंदेरी गाडी होती, आणि दारात गाडी असलेला म्हातारा कुणाच्या तोंडाकडे बघत बसत नाही. बाजार, बँक, दाताचा डॉक्टर, कुणाची मुंज, कुणाचा दहावा, सगळीकडे ते आपले आपण जात. पेट्रोल भरलं की डायरीत किलोमीटर लिहीत.

मग एका सकाळी बाजारातून परत येताना त्यांनी सोसायटीच्या फाटकाचा डावा खांब ठोकला. तो खांब वीस वर्षं तिथेच आहे. रखवालदार मिनिटभर आधी त्याला टेकून उभा होता. कडी काढायला चार पावलं सरकला म्हणून वाचला. बाबा उतरले, फुटलेल्या दिव्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं आणि म्हणाले, खांबाला रंग नाही, दिसणार कसा. हे मला रखवालदारानं फोनवर सांगितलं.

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला, आणि तो बराच पुढे गेला होता. समोरचं त्यांना लख्ख दिसायचं, पेपरातल्या जाहिरातीखालची बारीक अक्षरंसुद्धा ते वाचत. गेली होती ती कडेची नजर. बाबा आत थेंब घालून डोळे मिटून बसले असताना डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, की यांनी आजपासून गाडी चालवायची नाही. मी सांगू शकतो, ते म्हणाले, पण घरच्या माणसानं सांगितलेलं अशा वेळी जास्त सोसतं. मी म्हटलं, मीच सांगते. आणि तेव्हा मी खरंच सांगणार होते.

पुण्याच्या माणसाला तोंडावर बोलायला शिकवावं लागत नाही म्हणतात. मीही त्यात काही मागे नाही. रिक्षावाल्याला, मुलीच्या क्लासच्या सरांना, एकदा तर खुद्द माझ्या साहेबांना मी उभ्याउभ्या सुनावलेलं आहे. पण ही जीभ सगळी परक्यांसाठी. बापासमोर उभं राहिलं की आमची दातखीळ बसते. घरी आल्यावर बाबांनी स्वतः चहा टाकला, गाळताना त्यातला थोडा ओट्यावर सांडला, तो फडक्यानं नीट पुसून घेतला आणि विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? मी म्हटलं, थेंब चालू ठेवायचे. मग एका दमात पुढे बोलून गेले, की बाबा, तुमची ही गाडी फार खाली आहे, चढता-उतरताना गुडघ्यांना त्रास होतो. हल्ली त्या उंच, आटोपशीर एसयूव्ही निघाल्या आहेत. आपण तशी एक घेऊ. ही मी दुरुस्तीला नेते, तिथूनच विकून टाकू.

त्यांनी उठून किल्ली आणि ती किलोमीटरची डायरी माझ्यासमोर ठेवली. डायरी नव्या मालकाला दे, म्हणाले, त्याला सरासरी कळेल. विचारलं एवढंच, की नवी कुठली घ्यायची.

मी म्हटलं, चौकशी करू.

आमच्या घरात एखादी गोष्ट करायची नसली की सरळ नाही म्हणायची पद्धत नव्हती. चौकशी करू, असं म्हणत. मी अकरावीत असताना वर्गाची सहल केरळला निघाली होती. बाबा म्हणाले होते, चौकशी करू. सहल जाऊन आली, मुलींनी फोटो दाखवले, एकीचे तर आणलेले केळ्याचे वेफर्सही संपले, तरी आमच्याकडची चौकशी चालूच होती. तोच उपाय मी आता त्यांच्यावर उलटवला. माझा हिशेब असा होता, की बाजारात अशा गाड्या ढीगभर, प्रत्येकीचे पाच-सहा प्रकार, दर सहा महिन्यांनी काहीतरी नवीन येणार. चौकशीत वर्ष जाईल. तोवर त्यांना रिक्षाची सवय होईल, आणि गाडीचा विषय आपोआप मागे पडेल.

बाबांनी विषय मागे पडू दिला नाही. पुढच्याच रविवारी मी गेले तर टेबलावर दोनशे पानी वही तयार होती. त्यांनी चार गाड्या निवडल्या होत्या. कंपन्यांची नावं लिहिली नव्हती. कारखान्यातल्यासारखं नमुना अ, नमुना ब, नमुना क, नमुना ड असं लिहिलं होतं. नाव वाचलं की मत आधी तयार होतं, मोजमाप मागून येतं, असं त्यांचं म्हणणं. चारही गाड्या चार मीटरला अगदी थोड्या कमी लांबीच्या होत्या, आणि त्या नेमक्या तेवढ्याच का, हे त्यांनी शोधून काढलं होतं. चार मीटरच्या आत राहिलं की कर कमी लागतो. पाच मिलिमीटर राखून गाडी काढणारा माणूस माझ्याच पंथाचा आहे, म्हणाले. आई गेल्यापासून इतक्या उत्साहानं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. मी घाईनं वही मिटली.

जूनपासून आमचे रविवार सुरू झाले. सकाळी नऊला मी त्यांना घ्यायला जायची. ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात स्टीलचा टेप आणि चष्म्याची दोन घरं घेऊन फाटकाशी उभे असायचे. बायपासच्या कडेला ओळीनं शोरूम आहेत. तिथल्या मुलामुलींना माझ्या बाबांसारखं गिऱ्हाईक भेटलं नसावं. एकीनं छतातली काच सरकवून दाखवली, तर यांनी विचारलं, पुण्यात ऊन कमी पडतं का? दुसऱ्यानं पडद्यावर बोटं फिरवून पन्नास गोष्टी दाखवल्या. यांनी विचारलं, हे सगळं चालू असताना रस्त्याकडे कोण बघतं? नमुना अ ऐसपैस होता, पण त्याचा उंबरठा इतका वर, की बाबा म्हणाले, आत चढायला शिडी निराळी घ्यावी लागेल. नमुना ब मऊ होता, दिसायला देखणा, पण मागच्या खिडक्या पोस्टाच्या पेटीच्या फटीएवढ्या. नमुना क एक पावाची लादी चाकांवर ठेवल्यासारखा चौकोनी. मला आवडला होता नमुना ड, त्याच्या गडद लाल रंगामुळे. रंगाचा रकाना वहीत नव्हता.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. प्रत्येक शोरूमला मी आदल्या दिवशी फोन करून ठेवत असे. उद्या माझ्या वडिलांना घेऊन येते आहे, गाडी चालवून बघायची आहे, पण चालवणार मी. त्यांनी मागितली तरी किल्ली त्यांच्या हातात देऊ नका, काहीतरी कारण सांगा. पहिल्या शोरूममध्ये हे सुरळीत पार पडलं. बाबांनी हात पुढे केला, तिथल्या मुलीनं गोड आवाजात लायसनची प्रत लागते म्हणून सांगितलं, ती आमच्याकडे नव्हती, आणि मी म्हटलं, बाबा, आज मी चालवते, तुम्ही मागे बसून बघा आराम किती आहे तो. बाबा मागे बसले. पण परत येईपर्यंत पुढे वाकून माझे गिअर मोजत होते, आणि उतरल्यावर म्हणाले, मागची सीट पाहुण्यांसाठी असते, तिची परीक्षा पाहुण्यांनी करावी. पुढच्या रविवारी त्यांनी लायसनच्या दोन प्रती काढून पाकिटात घालून आणल्या होत्या.

दुसऱ्या शोरूममध्ये एक पस्तिशीचा, घाईत असलेला माणूस होता. त्या दिवशी तिथे गर्दी होती. त्यानं किल्ली आणली. बाबांनी एका हातात ते पाकीट धरलं होतं, दुसरा हात पुढे केला. तो माणूस त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाला, "मॅडम, काकांना गाडी द्यायची नाही असं तुम्हीच काल फोनवर म्हणाला होता ना?"

मी काहीतरी हसले. बाबांनी पुढे केलेला हात मागे घेतला नाही. तोच हात तसाच नेऊन त्यांनी मागचं दार उघडलं आणि आत बसले. मग टेप काढला आणि गुडघ्यापासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंतचं अंतर मोजायला लागले.

मी स्वतःला सांगितलं, की त्यांनी ऐकलं नसावं. डाव्या कानानं त्यांना जरा कमीच येतं, आणि शोरूममध्ये गाणी लावलेली होती. माणसाला जे मानायचं असतं त्यासाठी पुरावे कसे भराभर गोळा होतात. घरी जाताना मी मुद्दाम हळू आवाजात काहीतरी विचारून पाहिलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, तेव्हा मला हायसं वाटलं.

त्यानंतर त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला नाही. तिसऱ्या शोरूममध्ये गेल्यावर सरळ मागच्या दाराशी गेले. चौथ्यातही तेच. मग चारही ठिकाणी दुसरी फेरी झाली आणि नमुना कची तर तिसरीसुद्धा. मी गाडी चालवत असायची, शेजारी शोरूमचा माणूस, आणि मागे बाबा टेप घेऊन कधी डावीकडे सरकत, कधी उजवीकडे, कधी मधोमध. चांदणी चौकाकडे जाऊन यायचो, पुलाखालून वळायचो, मुद्दाम एखादा खराब रस्ता घ्यायचो. परत आल्यावर ते कुठेतरी बसून वहीत लिहीत आणि मग आम्ही दोघं डोसा खात असू. डोसा खाताना ते आईबद्दल बोलत, कारखान्यातल्या जुन्या गोष्टी सांगत, माझ्या मुलीचा अभ्यास विचारत. माझं लग्न झाल्यापासून मी त्यांच्यासमोर इतका वेळ कधी बसले नव्हते. मला त्या रविवारांची गोडी लागली होती. गोडीमुळे खोटेपणा थोडा कमी टोचायला लागला होता, हेही खरंच आहे.

नवरा एकदा म्हणाला, सांगून टाक त्यांना, किती दिवस फिरवणार आहेस. मी त्याच्यावर उखडले. तुझे वडील असते तर कळलं असतं, म्हटलं. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले. हे माझ्या तोंडून गेल्यावर तो उठून बाल्कनीत गेला आणि पुन्हा त्यानं विषय काढला नाही. माझी सगळी तोंडपाटीलकी त्या चार महिन्यांत नको तिथे चालली.

भाद्रपदात, गणपती झाल्यावर, एका रविवारी बाबांनी आज कुठे जायचं नाही म्हणून सांगितलं. वही माझ्याकडे सरकवली. निकाल लागला आहे, म्हणाले, नमुना क घे.

मी वही उघडली. पहिली दोन-तीन पानं मी मागेच पाहिली होती. त्यावर इंजिनाची ताकद होती, पिकअप होता, सरासरी, गिअर, जमिनीपासूनची उंची, स्टिअरिंग किती हलकं, पुढच्या काचेतून बॉनेट दिसतं की नाही. ही यादी पहिल्या गाडीपाशीच थांबली होती. त्यापुढे एक पान कोरं सोडलेलं होतं. आणि मग बारीक, रेखीव अक्षरात पानंच्या पानं भरलेली होती ती अशी. मागचं दार किती कोनात उघडतं. मागच्या सीटची जमिनीपासून उंची. उठताना धरायला वरती कडी आहे का, ती किती पुढे. मागे थंड हवेची झडप. मधल्या जागेला खांद्यावरून पट्टा आहे की नुसता कमरेला. मधल्या जागेसमोर पायाखालचा उंचवटा किती मिलिमीटर. मधोमध बसल्यावर पुढच्या दोन सीटांच्या मधून समोरच्या काचेचा किती भाग दिसतो. या शेवटच्या रकान्याखाली प्रत्येक नमुन्याची आकृती काढलेली होती. नमुना कचा मधला उंचवटा सगळ्यांत कमी, जवळपास सपाटच, आणि समोरची काच सगळ्यांत जास्त. त्याखाली लाल पेनानं लिहिलं होतं, पास.

त्यांची कडेची नजर गेली आहे. बाजूच्या खिडकीतून त्यांना काही दिसायचं नाही. रस्ता दिसायचा असेल तर तो समोरून, बरोब्बर मधोमध बसूनच. हे त्यांनी मोजून काढलं होतं, दर रविवारी, माझ्या पाठीमागे बसून. मी वेड पांघरून पेडगावला निघाले होते, आणि बाबा माझ्या कितीतरी आधी तिथे जाऊन बसलेले होते.

मी कसंबसं म्हटलं, बाबा, तुम्ही पुढे माझ्या शेजारी बसा की. तिथून सगळं दिसतं.

"पुढे बसलं की पाय ब्रेक शोधतो," ते म्हणाले. "तू बिचकशील."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. सगळं उघड झालेलं होतं, दोघांनाही ठाऊक होतं. पण मी वही मिटली आणि म्हटलं, बरं, बुक करते. आमची घरची गाडीही जुनी झाली होती, नवरा हो म्हणाला. फॉर्म भरायच्या वेळी मालकाच्या रकान्यात बाबांनी माझं नाव घालायला लावलं. गाडी आली ती नेमकी पितृपक्षात. शोरूममधली बाई चाचरत म्हणाली, की काका, थोडे दिवस थांबा, घटस्थापनेला देऊ, या पंधरवड्यात कुणी नेत नाही. बाबा म्हणाले, आमचे पितर गाडीला आडवे येणाऱ्यातले नाहीत, ते सायकलीवर होते. शिवाय दसऱ्याला तुमच्याकडे मंडई भरते, आत्ता रिकामं आहे तर नीट तपासून तरी देता येईल. त्यांनी खरोखरच दोन तास तपासली. मागचं उजवं दार लावताना किंचित घासतं, हे त्यांनी काढलं आणि दुरुस्त करून घेतलं.

गाडी देताना एक समारंभ करतात. गाडीवर चकचकीत कापड घालतात, ते ओढायला लावतात, टाळ्या वाजवतात, आणि हातभर लांबीची पुठ्ठ्याची किल्ली हातात देऊन फोटो काढतात. त्या दिवशी दुसरं कुणी गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे सगळे कर्मचारी आमच्याभोवतीच जमले. बाई ती किल्ली घेऊन आली आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणून तिनं ती बाबांपुढे धरली. बाबांनी दोन्ही हातांनी घेतली. क्षणभर तशीच धरली. मग माझ्याकडे वळून माझ्या हातात दिली आणि बाईला म्हणाले, हिचा काढा, चालवणार ही आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा तो फोटो आहे. त्यात मी इतकी वाईट रडते आहे, की बघणाऱ्याला वाटतं, गाडी मिळाल्याचा केवढा आनंद झालाय.

आम्ही निघालो. बाबा मागे मधोमध बसले, खांद्यावरून पट्टा लावला. आरशात मला मागचा रस्ता दिसत नव्हता, त्यांचा चेहराच दिसत होता. बायपासच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मी आरशाकडे न बघता म्हटलं, "बाबा, मी तुमच्याशी खोटं बोलले. गुडघ्यांचं काही नव्हतं. डॉक्टरांनी तुमची गाडी बंद करायला सांगितली होती."

"माहीत आहे," ते म्हणाले. "त्या दुसऱ्या शोरूममधल्या माणसानं सांगितलं तेव्हाच कळलं."

सिग्नल सुटला. मी गाडी पुढे घेतली. थोड्या वेळानं विचारलं, की मग इतके दिवस तुम्ही काही बोलला का नाहीत. ते म्हणाले, तू चौकशी करत होतीस, आणि चौकशीसाठी का होईना, रविवारी येत होतीस. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, मला भीती वाटली, तुम्ही किल्ली देणार नाही, भांडाल, तुमचं मन मोडेल.

"दुरुस्तीला म्हणून नेलीस," ते म्हणाले. "खरं सांगून मागितली असतीस, तरी दिली असती. मापात न बसणारी वस्तू मी कधी पुढे पाठवलेली नाही. स्वतःलाही पाठवलं नसतं."

मी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली, कारण मला पुढचं दिसेना. पाण्याची बाटली त्यांनी मागून माझ्याकडे दिली. शेजारून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर नवी गाडी थोडी हलत होती.

मग ते म्हणाले, "खांब ठोकला त्या दिवशी मी बटाटे आणायला गेलो होतो. किलोभर बटाटे. शेवटची फेरी आहे हे कुणी आदल्या दिवशी सांगितलं असतं, तर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत तरी जाऊन आलो असतो. सकाळी लवकर, रस्त्यावर कुणी नसताना. तुझी आई असताना जायचो आम्ही."

मी डोळे पुसले आणि म्हटलं, बाबा, आत्ता जाऊया का? मी नेते.

"नको," ते म्हणाले. "आता मी मागे बसलोय."